पूल वर असताना

मास्तरांच्या पत्नीने पिशवीच्या तळाशी हात घालून लाकडाचा एक तुकडा बाहेर काढला, डुगडुगणाऱ्या पाण्याच्या कॅनखाली तो सारला आणि कॅनला वरून दोन चापट्या मारून पाहिल्या. कॅन हलेनासा झाला.

“बघा,” ती म्हणाली, “तुमच्या कचऱ्यातलं काहीतरी कामी आलं म्हणायचं.”

मास्तर उकडलेले अंडे सोलीत होते. अर्धे कवच निघाले होते, अर्धे तसेच राहिले. तो तुकडा वीतभर लांबीचा होता. एका टोकास तीन बोटे जाड आणि दुसऱ्या टोकास निमुळता होत गेलेला. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने त्यास जुन्या छत्रीच्या मुठीसारखी तकाकी चढली होती. तो पाहताक्षणी मास्तरांचे सोलणे थांबले. ही पाचर या मोटरबोटीत असावयास नको होती. तिची जागा खाडीच्या मुखाशी असलेल्या उचलपुलावर, चालकाच्या खोलीत, ब्रेकच्या दांड्याशेजारी होती.

त्यांनी मनगटावरील घड्याळाकडे पाहिले. बारा वाजून तीन मिनिटे झाली होती.

“ही कुठे मिळाली तुला?” त्यांनी विचारले.

“तुम्हीच नाही का काल आणलीत? डबा, रेडिओ, फाटका टॉवेल आणि ही. टॉवेल मी टाकून दिला.”

वस्तुतः त्या क्षणापर्यंत दिवस मोठ्या सुखाने चालला होता. आदल्या सायंकाळी मास्तर एकतीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. ते कोणत्याही शाळेचे मास्तर नव्हते. परंतु पूल उचलणारा आणि पूल खाली आणणारा माणूस म्हणून गावात त्यांना सर्व जण पूलमास्तर म्हणत, आणि पुढे पूल गळून नुसते मास्तर उरले होते. त्यांच्या निवृत्तीनिमित्त जावयाने तो कामास असलेल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकाकडून एका दिवसासाठी ही बोट मागून आणली होती. बोट सहा माणसांची, वर कापडी छत आणि मागे शिवणयंत्रासारखा आवाज करणारे लहानसे इंजिन. कुठेही वेळेवर पोहोचावयाचे नाही, हा मुलीचा हुकूम होता. खाडीच्या चढत्या पाण्याबरोबर ते आत आत सरकत आले होते आणि आता एका संथ वळणावर, इंजिन बंद करून, जेवावयास बसले होते.

सकाळी नऊ वाजता, ओहोटी संपता संपता, ते त्याच पुलाखालून आले होते. लहान बोटींना अशा वेळी पूल उचलावा लागत नाही. मास्तरांनी एकतीस वर्षांत प्रथमच आपला पूल खालच्या बाजूने पाहिला. गंजाचे पोपडे, पारव्यांची घरटी आणि वरून जाणाऱ्या एका सायकलचा खडखडाट. वर खोलीच्या खिडकीत मास्तरांच्या जागी आलेली नवीन बाई उभी होती. तिने हात हलविला. मास्तरांनीही हात उंचावला आणि बराच वेळ उंच धरून ठेवला.

“घ्या आता खाली,” पत्नी म्हणाली होती, “पूल गेला मागे.”

मुलगी आणि जावई हसले होते. मास्तरही हसले होते. ते हसणे आता त्यांना कोण्या दुसऱ्या माणसाचे वाटू लागले.

त्या पुलाचा मधला भाग, ज्यास मास्तर झडप म्हणत, तो एका बाजूने दारासारखा वर उचलला जाई. उचलण्याचे काम मोटर करी. परंतु वर गेलेली झडप वरच धरून ठेवण्याचे काम ब्रेकच्या दांड्याचे होते. दांडा खाली ओढला की एक खटका त्यास पकडून ठेवी. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी तो खटका अकस्मात सुटला. झडप दोन हात खाली आली, आणि खाली बोट होती. मास्तरांनी दांड्यावर अंग टाकले. तळहात फाटला, परंतु बोट निघून गेली आणि कोणाच्या काही ध्यानात आले नाही. त्यांनी तेव्हाच्या इंजिनियरसाहेबांना हळूच विचारले, की खटका जरा झिजल्यासारखा वाटतो. साहेब म्हणाले, लेखी द्या. लेखी दिले असते तर झडप का सुटली, कधी सुटली, त्याच दिवशी का कळविले नाही, असे प्रश्न निघाले असते. मास्तरांनी लेखी दिले नाही. त्यांनी मोडक्या टेबलाच्या पायाचा एक तुकडा तासला आणि दांडा व चौकट यांच्या फटीत ठोकून पाहिला. तो जणू तिथलाच असल्यासारखा बसला.

त्यानंतर अकरा वर्षे दांडा एकदाही सुटला नाही. पाचर बसविणे आणि काढणे हे मास्तरांच्या हाताचे काम झाले. डोक्याचा त्याच्याशी संबंध उरला नाही. शेवटचे दोन दिवस त्यांनी नवीन बाईला काम शिकविले, तेव्हाही ते तिच्या आणि दांड्याच्या मध्ये उभे राहून तोंडाने भरतीच्या वेळा सांगत होते आणि त्यांचा हात आपसूक पाचर बसवीत होता. ती वहीत सारे उतरवून घेई. काल सायंकाळी, आताचे साहेब निवृत्तीच्या कागदांवर सह्या घेण्यासाठी दारात उभे असताना, तिने पेन वहीवर टेकवून विचारले होते:

“मास्तर, या पुस्तकात लिहिलेलं नाही असं काही राहिलंय का?”

मास्तरांनी साहेबांकडे पाहिले होते. “नाही,” ते म्हणाले होते.

नंतर एकट्याने थांबून त्यांनी खोली झाडली. खिडक्यांच्या काचा वर्तमानपत्राने पुसल्या, सर्व खण रिकामे केले. आपल्या मागे कोणी म्हणू नये की मास्तर कचरा ठेवून गेले. त्या स्वच्छतेत पाचर पिशवीत आली.

आज बाईचा एकटीचा पहिला दिवस होता. आणि दिवसातील पहिली उंच बोट ही बर्फाची बोट असे. ती सव्वाबाराला येई.

बारा वाजून सहा मिनिटे झाली. मास्तरांनी खिशातून फोन काढला.

“बाबा, आज फोन नाही,” मुलगी म्हणाली. “ठरलंय आपलं.”

“पुलावर करत असतील,” पत्नी म्हणाली. “एक रात्र गेली नाही तोवर करमेनासं झालं.”

जावयाने विनयाने दुसरीकडे पाहिले. मास्तरांनी फोन पुन्हा खिशात ठेवला. बोट एवढीशी होती, की त्यात कुजबुजले तरी चौघांस ऐकू जावे. काय बोलणार होते ते? की बाई, दांड्याला हात लावू नका. मी अकरा वर्षे एका लाकडाच्या तुकड्यावर पूल चालविला, आणि काल तुम्हाला तोंडावर खोटे बोललो? मुलीसमोर, जावयासमोर? निवृत्तीचे कागद अजून वरच्या कार्यालयात सहीसाठी पडून होते.

त्यांनी सोललेले अर्धे अंडे तोंडात घातले. खटका काही दरवेळी सुटत नसे, त्यांनी स्वतःची समजूत घातली. दहांत एखादे वेळी. कदाचित तेवढेही नाही. बर्फाची बोट कधीकधी उशिराही येते. पत्नीने चहा ओतून दिला, तो त्यांनी घेतला. घोट घोट करून तो संपेपर्यंत त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही.

बर्फाच्या बोटीवर दोघे भाऊ होते. धाकटा नेहमी छतावर उताणा पडून येई आणि झडपेखालून जाताना वर बघून ओरडे, “मास्तर, सोडू नका हं!” गेली कित्येक वर्षे रोज हाच विनोद. मास्तर खिडकीतून बोट उगारीत. अकरा वर्षे हा विनोद ऐकताना त्यांचा हात पाचरीवर असे.

बारा वाजून चौदा मिनिटे झाली.

“जावईबापू,” मास्तर म्हणाले, “जरा काठाला घेता का? मला जाऊन यायचंय.”

काठाला चिखल होता आणि पलीकडे माणूसभर उंच झुडपे. मास्तर जोडे न काढताच उतरले. झुडपांच्या आड जाईपर्यंत त्यांना धाप लागली होती. पुलावरच्या फोनचा क्रमांक त्यांच्या बोटांना पाठ होता, तरी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. बारा वाजून एकोणीस मिनिटे झाली होती.

घंटा वाजू लागली. एक. दोन. तीन.

कोणी उचलीत नव्हते, आणि कोणी का उचलीत नाही हे संपूर्ण जगात केवळ मास्तरांना ठाऊक होते. हा नियम त्यांचाच होता. परवा त्यांनी तिला दोनदा बजावून लिहावयास लावला होता: पूल वर असताना फोन घ्यायचा नाही. कोणाचाही असो, साहेबांचा असो, घरी कोणी आजारी असो. दोन्ही हात आणि दोन्ही डोळे पुलाचे. म्हणजे याच क्षणी झडप वर होती. म्हणजे याच क्षणी धाकटा भाऊ छतावर उताणा पडला होता. मास्तर झुडपाची एक फांदी धरून घंटा मोजीत राहिले. बावीसपर्यंत मोजल्यावर फोन आपोआप बंद झाला.

त्यांना आठवले की बारा वाजून तीन मिनिटांपासून चौदा मिनिटांपर्यंत ते बोटीत चहा पीत बसले होते. त्या वेळी फोन केला असता तर तो उचलला गेला असता.

परत बोटीत चढताना त्यांचा पाय घसरला आणि जावयाने दंडाला धरून त्यांना आत घेतले.

“परत फिरू या,” मास्तर म्हणाले. “माझं पोट दुखतंय.”

“अर्ध्या अंड्यानं?” पत्नीने विचारले. मग त्यांचा चेहरा बघून तिने पाकिटातून गोळी काढून दिली. मास्तरांनी ती गिळली. मुलीने जेवण आवरले. जावयाने दोरी ओढून इंजिन सुरू केले आणि बोटीचे तोंड समुद्राकडे वळविले.

आता भरतीचे पाणी समोरून येत होते. सकाळी ज्या पाण्याने त्यांना अलगद आत आणले होते, तेच आता बोटीस छातीशी धरून मागे लोटीत होते. काठावरील एक वाळलेले झाड मास्तरांनी नजरेत धरले. कितीतरी वेळाने ते झाड मागे पडले.

“जरा जोर लावता येईल?” मास्तरांनी विचारले.

“मालक म्हणालेत, बाबा, अर्ध्याच्या वर न्यायचं नाही,” जावई म्हणाला. तो सरळ मनाचा मुलगा होता. दुकानात तो दर काच आठ वेळा पुसतो, असे मुलगी सांगे. “दुसऱ्याची वस्तू आहे ना.”

मास्तरांनी घड्याळ पाहिले.

पूल वेळेवर उचलला गेला असेल आणि सर्व नीट पार पडले असेल, तर बर्फाची बोट आता खाडीतून आत येत असली पाहिजे, असा हिशेब त्यांनी मनात मांडला. आतल्या मासळीच्या धक्क्यावर बर्फ द्यावयास ती रोज याच वाटेने येई. म्हणजे एक वाजेपर्यंत, फार तर सव्वापर्यंत, ती समोरून दिसलीच पाहिजे. मास्तर बोटीच्या पुढच्या टोकास, नाळेवर जाऊन बसले. प्रत्येक वळण आले की ते मान पुढे काढीत. वळण उलगडे आणि पुढे रिकामे पाणी पसरलेले असे. एकदा दूरवर काहीतरी पांढरे दिसले. जवळ आल्यावर तो बगळ्यांचा थवा निघाला. एक वाजला. सव्वा वाजला. दीड वाजला. बर्फ उन्हात थांबत नाही, म्हणून ते भाऊ कधी थांबत नसत. एकतीस वर्षांत ते पुलापुढे अडल्याचे मास्तरांना स्मरत नव्हते.

मुलगी मागे हळू आवाजात जावयाशी बोलत होती. बाबांना बहुधा नोकरी सुटल्याचं मनाला लागलंय, असे काहीसे ती म्हणत होती. होतं असं, जावई म्हणाला, आमच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारकुनाचंही झालं होतं.

पाचर कॅनखाली होती. मास्तरांच्या पायापासून तिचे अंतर हातभरही नव्हते. तिच्याकडे न पाहण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. मग त्यांच्या मनात एक विचार आला. ही पाचर कोणी पाहिली होती? कोणीच नाही. खटका जुना, बाई नवीन. पाचर नसली तर मास्तरांचे एकतीस वर्षांचे काम डागाविना राहत होते. मुलीने पाठ फिरविली आहे, पत्नीचे डोळे मिटले आहेत, एवढे पाहून त्यांनी वाकून पाचर काढली आणि हात बोटीबाहेर नेऊन बोटे उघडली.

पाचर बुडाली नाही. ती लाकडाची होती. ती एकदा पाण्याखाली गेली, वर आली आणि ऊन अंगावर घेत मागे वाहू लागली.

“बाबा, तुमचं काहीतरी पडलं,” जावई म्हणाला आणि मास्तरांनी तोंड उघडण्यापूर्वीच त्याने बोट वळविली. लांब काठीच्या आकड्याने पाचर ओढून घेण्यास त्याला तीन खेपा कराव्या लागल्या. तेवढ्या वेळात पाण्याने त्यांना मागच्या वळणापर्यंत नेऊन सोडले. जावयाने पाचर दोन्ही हातांनी सासूबाईंकडे दिली, दुकानात गिऱ्हाइकास चष्मा द्यावा तशी.

“लाकूड बुडतं का कुठे?” पत्नी म्हणाली. “जन्म पाण्यावर काढलात ना तुम्ही?”

ती थट्टेच्या सुरात बोलली, परंतु नजर नवऱ्याच्या उजव्या हातावर होती. तो हात मांडीवर उघडा पडला होता आणि तळव्यावरचा जुना व्रण पांढराफटक दिसत होता. त्या व्रणाविषयी अकरा वर्षांपूर्वी तिला सांगण्यात आले होते, की पत्रा लागला. तिने पाचर रुमालाने कोरडी केली, उलटसुलट करून पाहिली, आणि कॅनखाली न ठेवता मास्तरांच्या मांडीवर ठेवली. मग तिने स्वतःचे पाऊल कॅनला टेकविले आणि पुढचा सर्व मार्ग ते तसेच ठेवले.

मास्तरांनी फोन काढला. आता कोण ऐकते याची त्यांना पर्वा उरली नव्हती. क्रमांक लागला आणि कानात तुटक आवाज येऊ लागला. फोन दुसरीकडे गुंतला होता. पाच मिनिटांनी गुंतला होता. दहा मिनिटांनी गुंतला होता. पुलावरचा फोन इतका वेळ गुंतल्याचे त्यांच्या नोकरीत एकदाच घडले होते, आणि त्या दिवशी एक माणूस पुलावरून पाण्यात पडला होता.

“लागत नाही का?” पत्नीने विचारले.

“नाही.”

“लागेल,” ती म्हणाली.

शेवटच्या वळणाआधी मास्तरांनी डोळे मिटून घेतले. लहान मुलाने अंधारात पांघरूण ओढून घ्यावे तसे ते झाले. परंतु उघडे डोळे ठेवून ते वळण घेणे त्यांच्याच्याने होईना. ओरडण्याचा आवाज येतो का, भोंगा येतो का, ते कान देऊन ऐकत राहिले. इंजिनाच्या टकटकीपलीकडे काहीच नव्हते.

“अरेच्चा,” जावई म्हणाला, “गर्दी आहे पुढे.”

त्यांनी डोळे उघडले. झडप खाली होती. तिच्यावर लाल कापड लावले होते. अलीकडे पायऱ्यांना बर्फाची बोट बांधलेली होती, तिच्या कडांवरून पाण्याच्या धारा गळत होत्या. छतावरील बावट्याची काठी मधोमध मोडून लोंबत होती. पायरीवर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. दोघे. मास्तरांनी त्यांना पुन्हा एकदा मोजले.

जावयाने बोट पायरीला लावली. मास्तर उतरले. धाकट्या भावाने वर पाहिले. रोजचा विनोद त्याच्या तोंडाशी आल्यासारखा वाटला, पण तो बाहेर पडला नाही.

“बाईंनी धरली, मास्तर,” तो म्हणाला. “मी खाली होतो. झडप खाली यायला लागली आणि मध्येच थांबली. माझ्या नाकापासून एवढी.” त्याने हात नाकासमोर धरून दाखविला आणि तो खाली घ्यावयास विसरला.

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असे मनात आणले. परंतु त्या हातात पाचर होती. ते लोखंडी जिना चढू लागले. एकूण चौतीस पायऱ्या होत्या. एकतीस वर्षांत त्या कधी इतक्या उंच वाटल्या नव्हत्या.

खोलीत काल पुसलेल्या काचांतून स्वच्छ ऊन आले होते. टेबलापाशी साहेब छापील कागद भरीत बसले होते. कालच्या निरोपाच्या भाषणात त्यांनी सात वेळा मास्तर हा शब्द उच्चारला होता. बाई दांड्याशी उभी होती. तिचा डावा हात टॉवेलात गुंडाळलेला होता आणि टॉवेलाच्या एका कोपऱ्यातून रक्त वर आले होते.

“बरं झालं आलात, मास्तर,” साहेब म्हणाले. “तुम्हालाच विचारणार होतो. हा दांडा तुमच्या वेळी कधी सुटला होता का? मी सगळ्या नोंदी पाहिल्या. एकतीस वर्षांत एक ओळ नाही. यांच्या पहिल्याच दिवशी सुटतो, याचा अर्थ उघड आहे.”

मास्तरांनी कागदाकडे पाहिले. साहेबांचे अक्षर मोठे आणि गोल होते. उलट्या बाजूने देखील ‘हलगर्जीपणा’ हा शब्द वाचता येत होता. बाई सहा महिन्यांसाठी चाचणीच्या नेमणुकीवर होती. हा कागद वर गेला की तिचा दुसरा दिवस येणार नव्हता.

“फोन वाजत होता,” बाई मास्तरांना म्हणाली. तक्रार करावी तसे नव्हे. काम नीट झाल्याचे सांगावे तसे. “तुम्ही म्हणाला होतात, घ्यायचा नाही. नाही घेतला. बावीस वेळा वाजला. मी मोजत होते. मोजत राहिले की हात सुटत नाही.”

ती बोटाने दांड्याशेजारची चौकट दाखवीत होती. तिथे लोखंडावरचा रंग वीतभर घासून गेला होता आणि खालचा धातू आरशासारखा चमकत होता.

“इथे काहीतरी असायचं,” ती हळू आवाजात म्हणाली. “सकाळी आल्या आल्या दिसली मला ही जागा. सगळे खण पाहिले. मग आठवलं, तुम्ही नाही म्हणाला होतात. म्हणून शोधणं सोडलं.”

साहेबांनी वर पाहिले नाही. ते लिहीत होते.

मास्तर खिडकीशी गेले. खिडकीतून खाली पायऱ्यांशी लागलेली ती लहान बोट दिसत होती. मुलगी आणि जावई वर बघत होते. पत्नी वर बघत नव्हती. तिचे पाऊल अजून कॅनलाच टेकलेले होते.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “बोटी मागे थांबवून एकदा झडप वर घ्यायची परवानगी द्या.”

“कशासाठी?”

“दाखवायचंय.”

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि मान हलविली. भोंगा वाजला. बोटी मागे सरल्या. बाईने कळ दाबली. मोटर गुरगुरली आणि झडप आकाशाकडे उठू लागली. ती पुरती वर गेल्यावर बाईने उजव्या हाताने दांडा ओढला आणि त्याच खांद्याचा सारा भार त्यावर टाकला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मास्तरांनी हात पुढे केला. त्या हाताला काही सांगावे लागले नाही. पाचर फटीत शिरली, तळव्याने त्यांनी तिला दोन ठोके दिले आणि ती चमकत्या जागेवर जाऊन बसली.

“हात सोडा आता,” ते म्हणाले.

बाईने साहेबांकडे पाहिले, मग मास्तरांकडे. तिने एक बोट सोडले, मग दुसरे. मग सगळा हात. दांडा हलला नाही. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सवयीने साहेबांचा हात तिकडे गेला. बाई आणि मास्तर, दोघांनीही एकाच वेळी त्या हाताकडे पाहिले. हात अर्ध्यावर थांबला आणि मागे आला. फोन बराच वेळ वाजून बंद झाला.

झडप खाली आली. मास्तरांनी पाचर काढली आणि टेबलावर, कागदाशेजारी ठेवली. चालकाची खुर्ची रिकामी होती. ते तिच्यावर न बसता, भेटीस येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले.

साहेबांनी पाचर उचलून पाहिली. तिची तकाकी पाहिली, चौकटीवरची जागा पाहिली, आणि मग मास्तरांच्या मांडीवर उघडा पडलेला तळहात पाहिला. त्यांनी भरीत आणलेला कागद बाजूला सारला, खालून एक कोरा काढला आणि पेनाचे टोपण पुन्हा उघडले.

“आपलं संपूर्ण नाव?” त्यांनी विचारले.

मास्तरांनी ते सांगितले. साहेबांना लिहून घेणे सोपे जावे म्हणून एकेक शब्द सुटा करून, सावकाश सांगितले.